लिव्हरचा पैरा

घासाच्या वाफ्यात पुन्हा अमरवेल दिसली, तशी वैजयंताने विळा बाजूला ठेवला आणि ती उकिडवी बसली. लसूणघासाच्या हिरव्या देठांना पिवळ्या दोऱ्यासारखे वेटोळे घालत ती बया वर चढली होती. तिला मातीत मूळ नाही, नाव घ्यावं असं पान नाही. दुसऱ्याच्या जिवावर वाढायचं, आणि वाढायला लागलं की थांबायचं नाही. बोटभर तुकडा राहिला तरी वाफा पिवळा होतो. वैजयंता देठांसकट ते गुंते उपटून घमेल्यात टाकत होती. नंतर ते जाळायचे होते. मधूनच तिचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली जात होता. तिथे काही दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच हात जात होता.

कमरेला खोचलेला फोन वाजला. भावजयीचा, छायाचा होता.

"वन्सं, तुमचा भाऊ दोन घासांवर ताटावरनं उठतोय बघा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाठ थांबवलीया म्हणे औषधानं. पण बाकीचं लिव्हर वाळून गेलंय. दिवाळीच्या आत बदलाय पायजे." छाया थोडी थांबली. "मी तयार हाय, पण माझी शुगर. मला घेत न्हाईत. पोरगी सातवीत. आता दुसरं कोण हाय आमाला? आणि तुमचं काय वन्सं, परत येतंय की."

परत येतंय की. दोन वर्षांत हे वाक्य वैजयंताने इतक्यांच्या तोंडून ऐकलं होतं, की ते बोलायच्या आधी माणसाचा चेहरा कसा होतो तेही तिला ठाऊक झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिने आपलं अर्धं लिव्हर थोरल्या दिरांना, आबांना, दिलं होतं. म्हशीची धार काढता काढता नवऱ्याने, सर्जेरावने, विचारलं. तिने धार न थांबवता मान हलवली. आबांचा मुलगा हर्षवर्धन तेव्हा पुण्यात शेवटच्या वर्षाला होता. त्याला विचारायचा प्रश्नच कुणी काढला नाही. पंधरवड्यात तिचं लिव्हर पहिल्याएवढं झालं. महिन्याने ती घास कापायला वाफ्यात आली.

हे कसं घडतं ते तिला मिरजेच्या डॉक्टर इंगवले मॅडमनी चित्र काढून सांगितलं होतं. लिव्हर कापलं तरी वाढतं, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. खरा प्रश्न होता तो ते थांबतं कसं हा. प्रत्येक पेशीत एक नियामक प्रथिन असतं. मराठीत डॉक्टर त्याला रोधक म्हणायचे. जागा भरली, चारी बाजूंनी शेजारच्या पेशींचा दाब लागला, की हे रोधक पेशीच्या केंद्रात शिरतं आणि वाढीची कळ बंद करतं. ते आधी सापडलं कॅन्सरवाल्यांना. लिव्हरच्या गाठीतल्या पेशी तपासल्या, तर त्यांत रोधक नावालाच उरलेलं. शेजार कळेनासा झालेल्या पेशी त्या, वाढतच राहायच्या. बाहेरून रोधक परत घातलं की गाठ जागच्या जागी थबकायची. मग कुणाच्या तरी डोक्यात उलटा विचार आला. चांगल्या लिव्हरमधलं रोधक थोडे दिवस झोपवलं तर? तर कापलेलं लिव्हर झपाट्याने वाढेल, आणि रोधक जागं झालं की बरोबर मापावर थांबेल. त्याचंच इंजेक्शन निघालं. पूर्वी महिने लागायचे तिथे पंधरवडा पुरू लागला. देणारा वाचला, घेणाराही वाचला.

"म्हंजे बांध," वैजयंता तेव्हा म्हणाली होती. "पंधरा दिवस बांध काढायचा आणि परत घालायचा."

"अगदी तसंच," मॅडम हसल्या होत्या.

लिव्हरवाचून माणसं मरायची थांबली, हे खरंच. कायदाही बदलला. रक्ताचं नातं नसलं तरी सोयऱ्याधायऱ्यांना देता येऊ लागलं. पण दवाखान्यातली रांग मोडली आणि ती घरात येऊन उभी राहिली. पूर्वी लिव्हर देणारा माणूस गावाला देवासारखा वाटायचा. आता विरजण मागायला यावं तशी माणसं यायची. आणि विरजण नाही म्हणणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"सासरला दिलंसा," छाया फोनवर म्हणाली, "आणि माहेरचा एकुलता एक भाऊ..."

"तपासून येते मी," वैजयंता म्हणाली. "रंगाला म्हणावं, जेव."

संध्याकाळी डेअरीचा टेम्पो लावून सर्जेराव घरी आला. तिने सांगितलं. तो पायरीवर बसून चपलेचा अंगठा ओढत राहिला.

"नको म्हणा की," ती म्हणाली. "तुम्ही तरी म्हणा."

"कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या भावाच्या वेळी हो म्हण म्हणणारा मीच. आता तुझ्या भावाच्या वेळी नको म्हणू?"

---

मिरजेला इंगवले मॅडमनी रक्त घेतलं, पोटावरून यंत्र फिरवलं, आणि दुपारी तिला आत बोलावलं. रोधक जागं झालं नाही अशा पेशी रक्तात आपले तुकडे सोडतात. ते तुकडे मोजायची ही तपासणी होती. मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. हिरवा पट्टा होता, लाल पट्टा होता, आणि दोन्हींच्या मधे एक ठिपका.

"काठावर आहे," मॅडम म्हणाल्या.

"गाठ हाय?"

"नाही. आज गाठ नाही. काही पेशी इंजेक्शनानंतर जाग्या झालेल्या नाहीत, एवढंच. बहुतेक माणसांत शरीरच त्यांना निपटून काढतं. तुमच्यातही काढेल. दर तीन महिन्यांनी बघत राहू."

"आणि परत दिलं तर?"

"परत दिलं तर तेच इंजेक्शन परत. आज ज्या पेशी मूठभर आहेत, त्यांना पंधरा दिवस मोकळं रान."

"इंजेक्शनाशिवाय काढा की मग."

"एकदा कापलेल्या लिव्हरमधून दुसऱ्यांदा काढायचं, तर इंजेक्शनाशिवाय देणारा जगत नाही."

वैजयंताच्या डोळ्यांपुढे घासाचा वाफा आला. घमेल्यातून निसटून बांधावर पडलेला एक पिवळा तुकडा तिला आठवला. उचलला होता की नव्हता?

"आमच्या आबांचं? त्यांच्यात माझंच हाय."

"त्यांची तपासणी गेल्या महिन्यात झाली. स्वच्छ आहे."

तिला बरं वाटलं, आणि लगेच कुठेतरी राग आला. रागाची लाज वाटून ती पदराने मान पुसत राहिली.

"नियम काय म्हणतो मॅडम?"

"लाल असतं तर मीच नाही म्हटलं असतं. काठावर असेल तर निर्णय देणाऱ्याचा." मॅडम पुढे वाकल्या. "हे बघा, मी तुमच्या भावजयीला सांगते की रक्त जुळत नाही. पुढे कुणी काही विचारणार नाही. असं आम्ही करतो कधी कधी."

"रक्त जुळतंय की आमचं. एका आईचं हाय."

"म्हणूनच मी सांगते म्हणतेय. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

वैजयंता उठली. "रंगा गेला तर रक्तानं गेला म्हणतील आणि मी सुटले. तसं सुटायचं न्हाई मला. आणि मेले तर डॉक्टरनं हो म्हटलं म्हणून मेली, असंबी नको."

"मग काय करणार?"

तेच तिला कळत नव्हतं. एसटीत बसल्यावर ती दोनदा जागा बदलून बसली. खिडकीपाशी वारा लागत होता, आत जीव घुसमटत होता. रंगा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आई कामाला गेली की तोच तिच्या कडेवर. उजव्या कडेवर बसायचा, डाव्या कडेवर घेतलं की भोकाड पसरायचा.

---

दोन दिवसांनी आबांचं सोयाबीन काढायला निघालं. गावात कापणीची मोठी यंत्रं आली होती, पण ओढ्याकडेच्या चिंचोळ्या पट्ट्यांत ती शिरत नसत. तिथे अजून पैराच चाले. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण, एवढाच नियम. बारा-तेरा बायामाणसं ओळीने कापत होती. वैजयंता कडेच्या सरीला होती.

आबा बांधावर उभे होते. साठी गाठलेला माणूस, पण नव्या लिव्हरवर गाल भरले होते, आवाजही परत चढला होता. ते फोनवर कुणाला तरी झापत होते.

"कंबर धरलीया तर निजून ऱ्हा, तुला कोण बोलावतंय? पोराला लाव की! पैरा घराचा असतोय गड्या, माणसाचा नसतोय... आँ? न्हाई तर न्हाई. गेल्या साली माझी पाळी मी बहिणीच्या रानात फिरवून मागितली, गेला हुतास का न्हाई? मग?"

सरीत खसखस पिकली. "आबांचा पैरा बुडवणारा अजून जन्मायचाय," कुणीतरी म्हणालं.

वैजयंताचा विळा थांबला. मुठीतलं सोयाबीन तसंच हातात राहिलं. ती ते शब्द ऐकतच मोठी झाली होती, पण ते आज कुणीतरी तिच्या कानात मुद्दाम सांगितल्यासारखे वाटले. ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. बावीस वर्षांच्या संसारात थोरल्या दिराशी ती चारचौघांत समोरासमोर बोलली नव्हती.

"आबा, माझा एक पैरा हाय तुमच्या घरावर."

"तुझा?" आबांनी फोन खिशात घातला. "कसला गं? आपलं रान तर एकातच हाय."

वैजयंताने उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

एकेक करत सगळे विळे थांबले. पाण्याची कळशी घेऊन येणारी तिची जाऊ, मालन, वाटेतच उभी राहिली.

"हिशेब काढतीस व्हय गं वैजू?" मालन म्हणाली. "आम्ही तुला देवासारखी मानलं. दर सणाला पहिलं ताट तुझं."

"देवासारखी मानलंसा, तिथंच घोळ झाला ताई. देवीच्या अंगाचं कितीबी काढलं तरी संपत न्हाई, असं वाटलं सगळ्यांना." तिने मालनवरची नजर आबांकडे वळवली. "माझं उगवलं. पण नीट उगवलं न्हाई. मिरजेला जाऊन आले. काठावर हाय. परत कापलं तर गाठ धरंल, न्हाई धरणार, डॉक्टरला पण ठाऊक न्हाई. आणि रंगाला दिवाळीच्या आत पायजे."

सर्जेराव शेवटच्या सरीत होता. तो मान खाली घालून उभा होता. त्याच्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

आबांनी टोपी काढली, परत घातली. "मग... माझ्यातलं अर्धं परत घे की," ते म्हणाले. "तुझंच हाय ते."

एकजण हसला, आणि दुसऱ्या कुणी साथ दिली नाही म्हणून खोकला.

"औषधावर हायसा तुम्ही. चालत न्हाई. पण पैरा घराचा असतोय, आत्ताच म्हणालासा. आणि ज्याची पाळी, तो सांगंल त्या रानात फेडायचा. माझी पाळी माझ्या भावाच्या घरी फेडा."

सगळ्यांच्या नजरा ट्रॅक्टरकडे वळल्या. ट्रॉलीला टेकून हर्षवर्धन उभा होता. सव्वीस वर्षांचा, तालमीतून उतरलेलं अंग, रक्तगट ओ. कुणालाही चालेल असं रक्त. मार्गशीर्षात त्याचं लग्न होतं.

मालनच्या हातातली कळशी खाली टेकली. "माझा एकुलता एक हाय तो!"

"रंगा पण माझा एकुलता एकच भाऊ हाय, ताई."

"लगीन तोंडावर आलंय. पोट चिरलेला नवरा कोण घेईल?"

"पोट चिरलेली बायको हाय की हितं," वैजयंता म्हणाली. "नांदतीया."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हर्षवर्धन ट्रॉलीपासून पुढे आला.

"काकी, मला... भ्या वाटतंय."

"मला पण वाटलं हुतं. पहिल्यांदा दिलं तर धोका नसतोय म्हणतात, ते मॅडमनाच विचार. मी जबरदस्ती करत न्हाई. पैरा बुडवला म्हणून कुणी फौजदाराकडं जात न्हाई. पुढच्या साली त्याच्या रानात कुणी येत न्हाई, एवढंच."

हर्षवर्धन कुणाकडे न बघता चालू लागला. ट्रॅक्टर तसाच धडधडत राहिला. शेवटी सर्जेरावने जाऊन तो बंद केला. वैजयंता खाली बसली आणि तिने आपली सरी शेवटपर्यंत कापली. ती न कापता उठणं बरं दिसलं नसतं.

जेवणाला मालनने सगळ्यांना वाढलं. तिलाही वाढलं. पिठलं वाढताना तिच्या हातातला डाव ताटाला खणकन लागला.

---

त्यानंतरचे दिवस वैजयंताला एका जागी बसवेना. धारेला बसली की वाफ्यात काहीतरी राहिलंय असं वाटायचं, वाफ्यात गेली की फोन घरी राहिलाय असं वाटायचं. म्हशीलाही ते कळत असावं. ती पान्हा चोरू लागली. हर्षवर्धन घरी दिसत नव्हता. मालन दोन्ही घरांमधल्या परड्याच्या दारातून येणं टाळत होती. छायाचा फोन वाजला की वैजयंता तो वाजू द्यायची. मग स्वतःच लावायची आणि पहिल्या रिंगला बंद करायची.

एका सकाळी रंगाचाच आला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

"आक्का, तू यायचं न्हाईस."

"कोण म्हणालं?"

"दाजींनी सांगितलं काठाचं. छायाला मी बोललोय. तिला ठाऊक नव्हतं गं, रडत बसलीया." तो दम घ्यायला थांबला. "ज्या कडंवर बसून वाढलो, तिथंच सुरी लावू व्हय? एवढा काय मी नालायक न्हाई."

"गप. जेवलास का?"

"जेवतो. तू यायचं न्हाईस."

फोन ठेवून ती आत गेली आणि ट्रंकेवरची पिशवी काढून तिने कपडे भरायला घेतले. रंगा ये म्हणाला असता तर तिला नाही म्हणता आलं असतं. दोन लुगडी, टॉवेल, चष्मा, देवाचा अंगारा. सर्जेराव दारात येऊन उभा राहिला.

"कुठं?"

"मिरजेला. टेम्पो काढा."

"वैजयंता."

त्याने तिला असं पुरं नावाने कधी हाक मारली नव्हती. ती थांबली.

"त्या दिशी रानात तू बोललीस, तवा मला वाटलं आता सुटलीस. आणि आता आपणहून?"

"पैरा कुणी फेडला न्हाई, तर रान तसंच ठेवायचं व्हय? पीक वाळून जाईल. काढा टेम्पो."

तो हलला नाही. ती त्याच्या बाजूने अंगणात आली. परड्याच्या दारातून कुणीतरी येत होतं.

हर्षवर्धन होता. पाठीला सॅक, पायात बूट. दंडाच्या आतल्या बाजूला रक्त काढल्याची पट्टी चिकटलेली, कडेने मळलेली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि नजर जमिनीकडे लावून बोलला.

"काकी, मिरजेला जाऊन आलो. दोनदा. सगळं तपासलं. मॅडमना सगळं विचारलं, अगदी बावळटासारखं. तिला पण सांगितलं, माझ्या व्हणाऱ्या बायकोला. ती म्हणाली, तारीख पुढं ढकलू." त्याने सॅकचा पट्टा सारखा केला. "पैऱ्याला आलोय."

वैजयंताच्या हातातली पिशवी खाली आली. तिने त्याच्या दंडावरच्या पट्टीला हात लावला.

"भ्या गेलं का?"

"न्हाई."

"जात न्हाई ते," ती म्हणाली. "माझं पण गेलं न्हाई."

त्याच्या मागून आबा आले, आणि आबांच्या मागून मालन. रात्रभर रडलेले डोळे, पण अंबाडा घट्ट बांधलेला. ती वैजयंताच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझ्या पोराला काय झालं तर मी तुला सोडायची न्हाई."

"नका सोडू."

"पंधरा दिवस त्याच्या उशाशी तू बसायचंस. मी न्हाई बघू शकत. त्याला खायला-प्यायला तू घालायचंस."

"घालणारच की, ताई. ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण."

मालनने तोंड फिरवलं. पण जाताना तिने खाली पडलेली पिशवी उचलली, झटकली आणि टेम्पोत नेऊन ठेवली.

सर्जेरावने टेम्पो वळवला. वैजयंता चढता चढता थांबली, "आले," म्हणाली आणि घासाच्या वाफ्याकडे धावली. जळून काळ्या पडलेल्या जागेशेजारी बांधाच्या अलीकडे दोन पिवळे दोरे नव्याने डोकं काढत होते. तिने ते देठांसकट खुडले आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधले. वाटेत कुठेतरी जाळायचे होते. मग एका हातात ती गाठ आणि दुसरा हात बरगडीखाली धरून ती टेम्पोकडे चालू लागली. हर्षवर्धनने पुढे वाकून तिला हात दिला, आणि वर ओढून घेतलं.